मावसाजींची सरळ क्रियापदं

या जगात भरवशाची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे इंग्रजीतली रेग्युलर क्रियापदं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या भिलाईत एकच निघेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आमचे मावसाजी तिथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झाले. तिथे ड्यूटीवर केरळपासून पंजाबपर्यंतची माणसं, त्यामुळे इंग्रजी कानावर पडायचंच. पण मावसाजींनी त्यातून नेमकं काय उचलावं? तर शेवटी ‘ईडी’ जोडलं की ज्यांचा भूतकाळ होतो तेवढीच क्रियापदं. त्यांना ते ‘सरळ’ म्हणत. बाकीची सगळी दगाबाज. ‘गो’वर तर त्यांचा विशेष राग. “काल गो होता, आज वेन्ट झाला. असं नाव बदलून कोनी आलं तर गेटवर सोडतीन का त्याले?” असं ते तावातावाने विचारत. मी आपली मान हलवायचे.

हातात कुठलंही काम असो, ते सगळ्या काळांतून फिरवून आणल्याशिवाय मावसाजींना चैन पडत नसे. लसूण सोलायला बसले की ‘आय पील, आय पील्ड, आय हॅव पील्ड’ सुरू. दूधवाला दूध ओतत असेल तर त्याच्याकडून ‘पोअर, पोअर्ड’ म्हणवून घेतल्याशिवाय त्याची सुटका नाही. पावर हाउस भागातल्या बाजारात एकदा गोबी निवडता निवडता ते ‘पिक’च्या मागे लागले आणि मागे गिऱ्हाइकांची ही गर्दी झाली. भाजीवाली शेवटी हात जोडून म्हणाली, “बाबूजी, लेना है तो लो, पढ़ाई घर में करना.” घरी तरी कुठे निवांतपणा? तिथे स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज यायचा, “बस करा आता! डोकं दुखून राहिलं माह्यं.” मावसाजी हसत आणि पुढचा काळ धरत. हे ‘बस करा आता’ त्या घरात दिवसातून कितीदा ऐकू यायचं याला सुमार नाही, आणि ते ऐकून मावसाजी थांबले असं कधी झालं नाही.

त्यांच्या मुलीला पाहायला नागपूरहून मुलगा आला होता. पोहे झाले, चहा झाला. आता पगारपाण्याचं काही विचारतील म्हणून मुलगा सावरून बसला, तर मावसाजी म्हणाले, “‘वॉश’ चालवा बरं.” बिचारा इंजिनीअर. वर्तमान आणि भूत त्याने कसेबसे पार केले, पण भविष्यात शिरल्यावर त्याला घाम फुटला. त्याच्या वडिलांनी डोळ्यांनी खुणा करून पाहिल्या, पण त्यांचंही इंग्रजी तेवढंच. मावसाजींनी सगळ्यांदेखत निकाल दिला, “पोरगा चांगला आहे, पन भविष्यात कच्चा आहे.” आतून मावशी कडाडली, “बस करा आता! तुमच्यापायी पोरगी घरातच राहीन!” लग्न मात्र झालं. जावई अजूनही पायऱ्या चढताना ‘वॉश’ म्हणतच वर येतो.

मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. तोपर्यंत कारखान्याचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून ती दोघं जवळच कुरुदला स्वतःच्या घरात राहायला गेली होती. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण बोलणं गेलं. तिला कळायचं सगळं. शब्द तेवढा तोंडाशी येऊन अडायचा. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, वर्षानुवर्षं जे तोंडात बसलंय ते म्हणून बघा. आम्ही बुद्धवंदना म्हटली, आकडे म्हटले. मावशीचे ओठ नुसते हलत. मावसाजींनी त्या दिवसांत क्रियापदं पार सोडली. ते घर इतकं गप्प झालं की मला तिथे बसवेना. मी म्हटलं, “मावसाजी, म्हना न तुमचं काही.” तर म्हणाले, “कोनासाठी म्हनू बाई? ‘बस करा’ म्हननारीच गप झाली.”

थंडीतल्या एका दुपारी मावसाजी व्हरांड्यात लसूण सोलत होते. मावशी शेजारी उन्हात खुर्चीवर बसली होती. जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून ‘आय पील’ निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. तेवढ्यात शेजारून, जड पण स्पष्ट, आवाज आला, “पील्ड.” आणि थोड्या वेळाने, “हॅव पील्ड.” मावसाजींच्या मांडीवरची परात खाली आली, लसूण व्हरांडाभर झाला. तिचं डोकं दुखवता दुखवता ती सगळी रूपं तिच्या डोक्यात मुक्कामाला गेली होती, हे आम्हाला कुणाला माहीत असणार? त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मावसाजी सुरुवात करून देत आणि मावशी पुरी करी. ‘हेल्प’ झालं, ‘वॉक’ झालं, ‘लाफ’ झालं. मुलगी फोनवर हे ऐकून रडली.

मावसाजी मात्र काही खूश दिसेनात. मावशीची मालिका लागली की हे टीव्हीसमोर उभे. तिचा डोळा लागत आला की ह्यांचा आवाज टिपेला. मला राहवलं नाही. “कावून तरास देऊन राहिले तिले?” त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, “तिनं चिडावं म्हून. पील्ड न् वॉश्ड, हे सारे माह्ये शब्द हायेत, बाई. मले तिचा पायजे.”

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हाही तेच चाललं होतं. मावसाजी टीव्ही अडवून ‘क्लीन’ चालवत होते. वर्तमान झाला, भूत झाला, भविष्य लागला. मावशीने हाताचा पंजा वर केला. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मावसाजींनी आवाज आणखी चढवला, पण त्यांची नजर तिच्या ओठांवर होती.

“बस,” मावशी म्हणाली. मग दम घेऊन, कपाळाला आठ्या घालून, “बस करा.”

‘क्लीन’ अर्ध्यावरच राहिलं. मावसाजी टीव्हीसमोरून बाजूला झाले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले. मालिका संपेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात मावशीचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.