मीठ बघायला कुणी नव्हतं

अजित स्कूटर लावून जिना चढून वर आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळी हा पोरगा दारात उभा म्हटल्यावर मी ताट बाजूला सारलं. "शालनमावशी, आई गेली," एवढंच म्हणाला आणि माझ्या शेजारी जमिनीवर फतकल मारून बसला. कुमुदताईंनी पहाटे उठून दूध तापवलं, गॅस बंद केला, ओट्याला टेकून जरा खाली बसल्या, त्या बसल्याच. मला रडू आलं नाही. खरं सांगू का, आता रडायचासुद्धा कंटाळा येतो. या दोन-चार वर्षांत इतकी माणसं पोचवली की पायातली चप्पल बदलावी तसं आपण स्मशानातून येतो, पाय धुतो आणि कुकर लावतो. पण कुमुदताईंना जाऊन आता महिना होऊन गेला, तरी दुपारी कामं आटोपली की जीव कशात लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. कुमुदताई काही कुणी मोठी बाई नव्हती, हे आधीच सांगते.

आम्ही कासारवाडीला स्टेशनजवळच्या इमारतीत समोरासमोर राहत होतो. आमचे हे आणि कुमुदताईंचे यजमान, श्रीधर भाऊजी, दोघंही पिंपरीला एकाच कंपनीत. हे शॉपवर मशीनपाशी, भाऊजी ड्रॉइंग ऑफिसात. आम्ही साताऱ्याकडचे, मटण खाणारे मराठे. त्या सदाशिव पेठेत वाढलेल्या, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. पहिलं वर्षभर त्या माझ्याशी दारातूनच बोलायच्या. मग एकदा अजितला गोवर झाला, मी चार दिवस त्याच्या उशाशी बसले, आणि तेव्हापासून दोन्ही दारं दिवसभर उघडी राहायला लागली. तरी मी त्यांना शेवटपर्यंत अहो-जाहो केलं आणि त्यांनी मला अगं-तुगं. ते तसंच बरं वाटायचं.

भाऊजींना कंपनीने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं होतं, आम्ही तिथे राहायला यायच्या आधी. वर्षभर होते. सुरुवातीला ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाऊन दिवस काढले, कुमुदताईंनी दिलेलं मेतकूट संपलं, आणि थंडी अशी पडली की म्हणे दाढीचं पाणी गोठायचं. त्यांची घरमालकीण म्हातारी दर रविवारी डुकराच्या मांसाचा एक मोठा सपाट तुकडा घ्यायची, त्यावर पाव, कांदा, सफरचंद आणि सुकवलेली फळं पसरायची, गुंडाळून दोऱ्याने बांधायची आणि दोन-तीन तास भट्टीत भाजायची. एका रविवारी तिने त्यांच्या बशीत एक चकती ठेवली. त्यांनी खाल्ली. परत आल्यावर लपवलं नाही, पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगून टाकलं. कुमुदताई बोलेनाशा झाल्या. त्यांच्या सासूबाईंनी प्रायश्चित्त म्हणून काय काय करून घेतलं ते भाऊजीच हसत सांगायचे. शेवटी तह झाला, की बाहेर काय खायचं ते खा, या घरात नाव काढायचं नाही. भाऊजींनी तो तह पाळला. फक्त कधी रविवारी आमटी-भात जेवून उठताना माझ्याकडे बघून म्हणायचे, आज म्हातारीकडे रोल असेल हो वहिनी. कुमुदताई ऐकू न आल्यासारखं करायच्या. मला वाटतं, एवढं ऐकायची त्यांना सवयच झाली होती.

मग भाऊजी आजारी पडले. पोटात गाठ निघाली. पुण्याच्या फेऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि पुन्हा घरी आणलं तेव्हा माणूस निम्मा झाला होता. काही जाईना. वरणभात पुढे केला की तोंड फिरवायचे, मऊ खिचडी घशाखाली उतरायची नाही. कुमुदताई दिवसभर काहीतरी करायच्या आणि संध्याकाळी ते सगळं कामवालीला द्यायच्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, आता पथ्य नको, त्यांना हवं ते खायला द्या. या वाक्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतो. कुमुदताईंना कळला नाही. त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, पथ्य सुटलं बरं का, डॉक्टर म्हणाले काहीही चालेल. मी घरात जाऊन दार लावून घेतलं. कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं हो... आमच्या ह्यांनाही धीर झाला नाही, आणि अजित तर बापुडा ऑफिसातून आला की बापाचे पाय चेपत बसायचा.

आणि एका दुपारी भाऊजी म्हणाले, "कुमुद, तो रोल करशील?"

मी तिथेच होते. मला वाटलं, आता या उठून आत जातील. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की ते डुकराचं मिळतं कुठे. पुण्याला कॅम्पात मिळतं, हे ह्यांना माहीत होतं. शनिवारी सेकंड शिफ्ट बुडवून हे गेले, दुकानदाराकडून हाड काढून, चरबीच्या थरासकट सपाट उघडून घेतलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत दाराजवळ उभे राहून आले, कुणी काय म्हणून विचारू नये म्हणून.

मी म्हटलं, आमच्याकडे करू. कुमुदताई ऐकेनात. त्यांनी मागितलंय माझ्याकडे, माझ्याच घरात होईल. फक्त देव्हारा स्वयंपाकघरात, त्याचं काय? तर रविवारी सकाळी ही बाई ताम्हनात देव घेऊन आमच्या दारात उभी! अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळी मंडळी. म्हणाल्या, एक दिवस ठेवून घे, तिथे विटाळ नको. आता आखाडातला शेवटचा रविवार. अख्ख्या इमारतीत त्या दिवशी मटण शिजत होतं, आमच्याकडेही शेगडीवर रस्सा ठेवलेला. कुमुदताईंच्या डोक्यातच आलं नाही की आपण देव कुठे आणून सोडतोय. मी रस्सा उतरवून खालच्या बिऱ्हाडात पाठवला. हे दिवसभर तोंड पाडून पिठलं-भाकरी खात होते.

मांस मी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे धुतलं, वरवंट्याने ठोकून पातळ केलं. खोटं कशाला बोलू, आम्ही बकरा खाणारी माणसं, पण डुक्कर म्हटल्यावर माझ्याही अंगावर काटा येत होता. कुमुदताई एकदा मोरीत जाऊन ओकून आल्या, चूळ भरली आणि पदर खोचला. मीठ-मिरी त्यांनी आदल्या संध्याकाळीच, आमच्याच ओट्यावर, चोळून ठेवली होती. शिळा पाव, परतलेला कांदा, सफरचंदाच्या फोडी, मनुका, सगळं कालवून त्यांनी असं काही पसरलं की मला अळूच्या पानांवर बेसन लावतायत असंच वाटलं. तशाच कडा आत घेतल्या, तशीच घट्ट गुंडाळी केली. बांधायला दोरा हवा होता. शिवणाचा रंगीत दोरा चालेना, सुतळीचे धागे निघत होते. त्या आत गेल्या आणि सुताची गुंडी घेऊन आल्या. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळून उरलेली होती ती. मी बघितलं, त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून फेऱ्यावर फेरे देत राहिल्या. गरजेपेक्षा जास्तच दिले.

भट्टी कुठली असणार आपल्याकडे. गॅलरीत शेगडी पेटवली, जाड पातेल्यात रोल चारी बाजूंनी लालसर करून घेतला, झाकण घातलं आणि झाकणावर निखारे ठेवले. कोळसे दमट, सारखे विझत होते. दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून वारा घालत आम्ही दुपार काढली. आणि मग मीठ बघायची वेळ आली. मी त्यांच्याकडे बघते, त्या माझ्याकडे. मी डुक्कर खाणार नाही, त्या तर अंडंही नाही. ह्यांना हाक मारली तर हे चप्पल घालून खाली निघून गेले. कुमुदताई म्हणाल्या, जाऊ दे, नैवेद्याचं कुठे कुणी चाखतं, अंदाजानेच करतो ना आपण. खरंच होतं. त्यांच्या घरी सणाचा अख्खा स्वयंपाक देवापुढे जाईपर्यंत कुणी जिभेला लावायचं नाही, आणि चव कधी चुकायची नाही. तशाच विश्वासाने त्यांनी झाकण लावलं.

भाऊजींना लोडाला टेकवून बसवलं. कुमुदताईंनी सूत सोडवून पातळ चकत्या कापल्या. आत पिवळसर सारण, भोवती मांसाचा वेढा, कडेला खरपूस लाल. दिसायला देखणं झालं होतं. भाऊजींनी तोंडात घातलं, डोळे मिटले, खूप वेळ चावत राहिले. "असाच," म्हणाले. "अगदी असाच करायची म्हातारी." आणि आणखी एक चकती मागितली! कित्येक दिवसांत त्या माणसाने दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं. कुमुदताईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दुसरी चकतीही त्यांनी सगळी संपवली, पाणी प्यायले आणि झोपले.

आम्ही दोघी गॅलरीत येऊन भिंतीला टेकलो. कुमुदताई आनंदाने बडबडत होत्या, पुढच्या रविवारी जास्त आणू, हळूहळू अंगात ताकद येईल. बोलता बोलता ताटलीतला कडेचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. मी हात धरायला गेले, उशीर झाला. त्यांनी दोनदा चावलं आणि थांबल्या. मग पदरात थुंकल्या.

"खारट आहे गं," म्हणाल्या. "तोंडात धरवत नाही."

आदल्या संध्याकाळी मीठ चोळलेलं विसरून सकाळी, मी देव मांडत होते तेव्हा, त्यांनी पुन्हा चोळलं होतं. इतक्या रात्रींच्या जाग्रणाने कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? मी तेच म्हणत होते, चालायचंच, होतं असं. त्यांचं लक्ष नव्हतं. शेगडीतल्या राखेकडे बघत बसल्या होत्या.

"एक तर त्यांची चव गेलीय, शालन... नाहीतर ते माझ्यासाठी खातायत. दोन्हीचा अर्थ एकच ना गं?"

डॉक्टरांचं वाक्य त्यांना त्या घटकेला कळलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या, तोंडात पदर कोंबून, आत आवाज जाऊ नये म्हणून. मला इतकं दमल्यासारखं वाटलं, तसं बाळंतपणातही वाटलं नव्हतं. गणपतीच्या आधी भाऊजी गेले.

मग अजितने संत तुकाराम नगरला जागा घेतली आणि कुमुदताई तिकडे गेल्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. बोलायला फार काही नसायचं. जेवणखाण, सोवळंओवळं पहिल्यासारखंच ठेवलं होतं त्यांनी, फक्त एक मोडलं. नैवेद्याचं पान वाढायच्या आधी प्रत्येक पदार्थ तळहातावर घेऊन चाखायच्या. सून बिचारी शिकलेली, नोकरी करणारी, पण तीही दचकायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ज्याला वाढतो तो सांगेलच असं नाही."

तेराव्याला मी सकाळीच गेले. आचारी आला होता, घर माणसांनी भरलेलं. कुमुदताईंच्या नावाचं पान आतल्या खोलीत मांडलं होतं, सून एकेक पदार्थ वाटीत काढून देत होती. माझ्याच्याने राहवेना. मी आत गेले, डाव उचलला आणि तळहातावर आमटी घेतली. सून कळवळून म्हणाली, "मावशी, अहो, नैवेद्य व्हायचाय अजून." दारातले गुरुजीही माझ्याकडे बघत राहिले. मी आमटी चाखली. मीठ कमी होतं. मी घातलं.