चांद्रमंडळाचे पाहुणे

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार मराठी इंजिनिअर, सिनेमातला एक नट आणि फिल्टर कॉफीचं एक पातेलं एका खोलीत ठेवा, संध्याकाळपर्यंत दोन तरी तयार होतात. आमचे तर असे सहा मेळावे झाले. त्यामुळे "बंगलोरला असताना तुम्ही लोक वेळ कसा घालवायचात हो?" असं कुणी विचारलं की मी आधी घड्याळाकडे बघतो आणि मग सुरू होतो.

आमचं मंडळ म्हणजे चांद्रमंडळ. रशियानं उपग्रह सोडला आणि मल्लेश्वरमच्या आम्हा मराठी मंडळींच्या डोक्यातही काहीतरी गरगरायला लागलं. विज्ञानकथा वाचायच्या, कँटोन्मेंटात रविवारी सकाळी लागणारे रॉकेटवाले सिनेमे बघायचे, आणि नाताळात कारखाना बंद असला की हॉल घेऊन दोन दिवसांचा मेळावा भरवायचा. मेळाव्याला असल्या सिनेमात काम केलेला एक तरी नट बोलवायचा. पडद्यावर पाहिलेला माणूस आपल्यासारखाच भुरके मारून कॉफी पितो, हे बघण्यात आम्हाला भारी आनंद!

अध्यक्ष होते दामले. ते आणि मी सरकारी कारखान्यात एकाच खात्यात, इन्स्पेक्शनला. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढणे, हीच आमची नोकरी. नापास झालेल्या भागाला आम्ही लाल चिठ्ठी बांधत असू. दामल्यांनी ही पद्धत मंडळातही आणली. पाहुण्याला हार, नारळ, आणि त्याच्या सिनेमातल्या चुकांची यादी असलेली एक लाल चिठ्ठी. वाचून झाली की पाहुण्यानं खाली सही करायची!

*

पहिल्या वर्षी आले ते सिनेमात नेहमी पांढरी दाढी लावून शास्त्रज्ञ व्हायचे. दामल्यांनी भर सभेत एकतीस चुका वाचल्या.

"चूक क्रमांक नऊ. रॉकेटच्या खिडकीला पडदा आहे आणि तो वाऱ्यानं हलतो. चंद्राच्या वाटेवर वारा कुठला?"

आम्हाला वाटलं, गृहस्थ उठून जातात की काय! पण त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, खिशातून पेन काढलं आणि सही करता करता म्हणाले, "एकतीस नाहीत, बत्तीस. तो पडदा हलतो, कारण त्याच्यामागं आमचा इलेक्ट्रिशियन उभा आहे. त्याची चप्पल दिसते. तुमच्या नजरेतून सुटली वाटतं?"

दामल्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि बत्तिसावी चूक स्वतःच्या हातानं लिहिली. पुढं आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

*

त्याच मेळाव्यानंतर दामल्यांची बायको, सुमतीवहिनी, मला म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वर्षी मिस नीलप्रभांना बोलवाल?"

मला हे नावच माहीत नव्हतं. मग वहिनींनी एक जुनी वही आणली. त्या चौदा वर्षांच्या असताना सांगलीला एक हिंदी सिनेमा आला होता. त्यात ही नीलप्रभा शास्त्रज्ञ होती, आणि चंद्रावर जायच्या रॉकेटचं गणित ती फळ्यावर लिहीत असे, चांगल्या सात ओळी. सिनेमा एकच आठवडा चालला. तेवढ्यात वहिनींनी तो चारदा बघितला आणि अंधारात त्या सात ओळी उतरवून घेतल्या. ते गणित कळावं म्हणून त्या शिकल्या. वडिलांशी भांडून, सांगून आलेलं एक स्थळ परतवून, बी. एस्सी. झाल्या. आता इथल्या एका संशोधन संस्थेत दिवसभर मशीनवर आकडेमोड करत होत्या.

"कॉलेजात गेल्यावर कळलं, गणित खरं आहे. फक्त तिसऱ्या ओळीत एक वर्ग राहिलाय, वरचा छोटा दोन लिहिलेला नाही. पण चौथ्या ओळीपासून पुढं सगळं बरोबर! म्हणजे तिला गणित येत होतं आणि हात घसरला? की कुणीतरी लिहून दिलं आणि तिनं नुसतं गिरवलं? मला एवढंच विचारायचंय."

"आणि गिरवलं असेल तर?"

वहिनींनी वही मिटली. "तर मग मी नुसत्या हातवाऱ्यांवर भाळून सगळ्या घराशी भांडले, भावजी. असो. बोलवाल ना?"

मी त्याच दिवशी मुंबईच्या स्टुडिओच्या पत्त्यावर पत्र टाकलं.

*

दुसऱ्या वर्षी नीलप्रभा काही आल्या नाहीत, खलनायक आला. हॉटेल आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून पाहुणा नेहमी रामण्णांकडे उतरायचा. रामण्णा इथले जुने. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथंच, त्यामुळे त्यांचं मराठी अर्धं कानडीत भिजलेलं. घरात त्यांची थोरली विधवा बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का सिनेमा बघत नसे, पण कुठल्या सिनेमात काय झालं ते रामण्णांकडून सगळं ऐकून घेई.

"अय्यो, रॉकेटातनं गाव जाळलेला तो? त्याला मी वाढू?"

"अक्का, ते सिनेमात गं!"

"सिनेमात तर सिनेमात. जाळलं की नाही?"

आणि खरोखर अक्कानं त्या माणसाच्या भातावर तूप वाढलं नाही. तो बिचारा मुकाट्यानं जेवला. स्वतःचं ताट घासलं, सांडलेली शितं वेचली आणि अक्काच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी अक्का रामण्णांना म्हणाली, "स्वल्प चुकलंच माझं." त्या दिवशी पाहुण्याला भात कमी आणि तूप जास्त अशी पंगत झाली.

निघताना अक्कानं त्याच्या हातावर दही ठेवलं आणि बजावलं, "पुढल्या सिनेमात गाव जाळू नकोस बाबा. रागच आला तर एखादं घर जाळ. सरी? कळलं?"

*

तिसऱ्या वर्षी दामल्यांनी ठरवलं की स्टेजवर रॉकेट पाहिजे. साधंसुधं नाही, मापात! त्यांच्या परसात आम्ही पाच जण तीन महिने राबलो. पत्रा, प्लायवुड, नाकावर चकाकता रंग. दर रविवारी दामले मायक्रोमीटर घेऊन फिरत आणि केसाएवढा फरक निघाला तरी सगळं सोडवून पुन्हा बसवायला लावत.

मेळाव्याच्या सकाळी बैलगाडीवर घालून रॉकेट हॉलपर्यंत आणलं. दार साडेतीन फूट रुंद, रॉकेट सव्वापाच!

रॉकेटचा एकेक स्क्रू मोजला होता. दार कुणीच मोजलं नव्हतं. पाच जण, पाचही इन्स्पेक्शनचे. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. हॉलचा म्हातारा रखवालदार बिडी ओढत बघत होता. तो कानडीत एवढंच म्हणाला, "लग्नाचा मांडवही आधी दार बघून घालतात, स्वामी."

शेवटी पाहुण्यांचं भाषण रस्त्यावर, रॉकेटशेजारी झालं. भाजीवाल्या टोपल्या उतरवून ऐकायला बसल्या. आमच्या इतिहासात एवढी गर्दी पुन्हा झाली नाही. दामल्यांनी मात्र त्या दिवशीची लाल चिठ्ठी हॉलच्या दाराला बांधली आणि खाली लिहिलं, "माप चुकीचं. नापास."

*

चौथ्या वर्षीची चूक माझी, कबूल करतो. बोलावलं होतं मंगळावरच्या माणसाला. म्हणजे सिनेमात मंगळावरचा माणूस झालेल्या नटाला. स्टेशनवर घ्यायला रामण्णा गेले आणि हात हलवत परत आले. "कोणी उतरलंच नाही!" आता त्या सिनेमात गृहस्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुखवटा घालून. ओळखायचं कशावरून?

इकडं हॉलमध्ये माझी धांदल उडालेली. एक बारीकसा माणूस दारात घुटमळत होता. मी म्हटलं, "अहो, बघत काय उभे राहिलात? त्या खुर्च्या मांडा की!" त्यानं मुकाट्यानं शंभर खुर्च्या मांडल्या. मी म्हटलं, "रांग वाकडी आहे." त्यानं सरळ केली. मग सतरंजी झटकली. मग मी त्याला माईकची वायर धरून उभा केला.

अकरा वाजले तरी पाहुण्याचा पत्ता नाही. दामले स्टेजवरून म्हणाले, "दुर्दैवानं आजचे आपले पाहुणे..."

तेवढ्यात वायर धरलेला माणूस म्हणाला, "मी इथंच आहे. सकाळपासून!"

मी त्यांच्या पायाच पडणार होतो. त्यांनी मला धरलं आणि म्हणाले, "राहू द्या हो. फक्त पाणी द्या. मंगळावर ते तरी विचारतात."

*

या सगळ्या वर्षांत नीलप्रभांना दरवर्षी पत्र जात होतं. कधी "पत्ता सोडून गेले" असा शेरा मारून परत आलं, कधी आलंच नाही. पाचव्या वर्षी स्टुडिओच्या कुणा कारकुनाचं दोन ओळींचं उत्तर आलं, या नावाची बाई आमच्या माहितीत नाही. वहिनींनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "पुरे आता, भावजी. उगाच तुम्हाला त्रास." वही ट्रंकेच्या तळाशी गेली. दामले त्या दिवशी माझ्याशी चुकांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मी समजलो, घरात काहीतरी फार दुखलं आहे.

पुढं काही महिन्यांनी अक्का दामल्यांकडे मेतकूट द्यायला आली. मीही तिथंच होतो. वहिनी ट्रंक आवरत होत्या आणि वहीतून सिनेमाच्या पुस्तिकेतला एक फोटो खाली पडला. अक्कानं तो उचलला, लांब धरून बघितला.

"ही आमची प्रभक्का की! जयनगरात असते. दर शुक्रवारी भजनाला माझ्या शेजारी बसते. हनुवटीवरचा तीळ बघा!"

वहिनींनी अक्काला पत्रांची सगळी हकीकत सांगितली.

"आणि हिला तुम्ही मुंबईला कागद घालत होता? पाच वर्षं? मला एक शब्द विचारायला काय झालं होतं?"

दामले चाचरत म्हणाले, "अक्का, तुम्ही सिनेमा बघत नाही, म्हणून आम्हाला वाटलं..."

"सिनेमा नाही बघत रे. माणसं बघते!"

*

सहाव्या मेळाव्याला प्रभाताई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर, नेसूची साधी इरकली, चष्मा. यायलाच तयार नव्हत्या. "तो सिनेमा पडला हो. माझं दुसरं काम नाही की तिसरं नाही. घरात नातवंडांनासुद्धा ठाऊक नाही," असं म्हणत होत्या. अक्कानं हाताला धरून बसमध्ये घातलं, तेव्हा आल्या.

त्या वर्षी दामल्यांनी चिठ्ठी लिहिलीच नाही. हार, नारळ झाला. मग दामले म्हणाले, "माझ्या पत्नीला एक प्रश्न विचारायचा आहे."

वहिनी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो प्रश्न मनाशी किती वेळा घोळवला असेल! आणि ऐन वेळी तोंडातून शब्द फुटेना. हॉलमध्ये चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता या रडणार. दामल्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

वहिनी रडल्या नाहीत. स्टेजवर गेल्या, कोपऱ्यातला फळा ओढला आणि खडू घेऊन लिहायला लागल्या. वही बघायची गरजच नव्हती. एक, दोन, तीन, अशा सातही ओळी. तिसऱ्या ओळीतली चूक तशीच ठेवली. मग बाजूला झाल्या आणि खडू हातात धरून उभ्या राहिल्या.

प्रभाताई खुर्चीवरून उठल्या. फळ्याजवळ आल्या, चष्मा वर सरकवला आणि पहिल्या ओळीपासून ओठांतल्या ओठांत वाचत खाली आल्या. तिसऱ्या ओळीशी थांबल्या. वहिनींच्या हातातला खडू घेतला आणि त्या ओळीत, जिथं पाहिजे नेमका तिथं, वर एक छोटा दोन काढला.

मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "सोळा वर्षं झाली गं! मला वाटलं, कुणी बघितलंच नाही."