भंगारात निघालेल्या मशीनचं गाऱ्हाणं

मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळायचे आणि बाबा, निवृत्त होईपर्यंत, मोठा कॉम्प्रेसर. कंपनीने कारखाना बंद केला तेव्हा मला ठेवलं ते विल्हेवाटीपुरतं. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मी बर्फाचे साचे, टाक्या, खुर्च्या अशा सगळ्यांवर लिलावाचे आकडे घालत फिरले. कॉम्प्रेसरवरही घातला. मुंबईहून आलेले साहेब म्हणाले, कागदावर याची किंमत केव्हाच शून्य झालीय. मी मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. रंग नीट सुकला का तेवढं बघितलं.

जाहिरातीत 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे' असं छापलं होतं. त्या 'जिथे'चा मालक दुसराच कुणीतरी आहे, हे मुंबईला कुठून कळणार? आवारात राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. दरवर्षी मासेमारी सुरू होण्याआधी त्याला नारळ ठेवायचा, बाबांनी गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. लिलावात मशीन घेतलेल्या कुडाळच्या भंगारवाल्याचा मुकादम गॅसकटर घेऊन आला आणि अडून बसला. राखणदाराला सांगितल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही म्हणाला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मला बाबांना आणायला पाठवलं.

कारखाना बंद झाल्यापासून बाबा त्या रस्त्यानेही जात नव्हते. ते नाही म्हणतील, मग जे काय व्हायचं ते होईल, असं मला वाटत होतं. खरं तर तशी आशाच होती. पहिल्यांदा काय तोडणार, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला.

"चल गो," म्हणाले, "उद्या कोणाच्या हाताक लागला तर बरा दिसाचा नाय."

दगडापुढे नारळ ठेवून ते उभे राहिले. मागे मुकादम, त्याची माणसं, आमचे उरलेसुरले तिघे कामगार आणि मी. साहेबही बूट काढून उभे होते.

"बा देवा म्हाराजा, आज ही मशीन तोडूची ठरली हा. तोडणाऱ्यांच्या हातापायाक इजा होव नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"त्यांच्या लेकराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

इथे संपायला हवं होतं. पण बाबांच्या तोंडात इतक्या वर्षांचं गाऱ्हाणं बसलेलं. डोळे मिटलेले होते, आवाजही तोच. नेहमीचं शेवटचं वाक्य आपोआप आलं.

"आणि ही मशीन अशीच चलती रवांदे रे म्हाराजा."

आम्ही सगळे, मुकादमसुद्धा, सवयीने म्हणालो, "होय म्हाराजा."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. बाबांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा मुकादमाच्या हातावर ठेवला. त्याने तो खाल्ला, हात पँटला पुसले आणि कटर पेटवला.