तोंडात घोळवलेलं नाव

भावाला मुलगी झाली. नाव काय ठेवायचं ते त्यानं बारशाच्या आदल्या दिवशी फक्त मला फोनवर सांगितलं, कारण पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात ते मी, आत्यानं, सांगायचं होतं. नाव आमच्या आईचं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. "तोवर कुणाला बोललीस तर बघ," तो म्हणाला. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात जगजाहीर आहे.

म्हणून मी ते तोंडातच घोळवत बसले. संध्याकाळी उल्हासनगरात झबलं घेताना दुकानदारानं सहज विचारलं, "दीदी, नाम क्या रखा?" मी ओठ घट्ट मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबरनाथहून रिक्षानं माहेरी, बदलापूरला निघाले. ऊन पिवळं, डोळे जड, मनात आईचं नाव चालूच. शिवमंदिराकडचा रस्ता मागे पडेपर्यंत ते नाव होतं. मग त्याची अक्षरं सुटी झाली. शेवटचं पुढे, पहिलं मागे. कात्रप येईस्तोवर रिक्षाच्या घरघरीत मिसळलेला नुसता आवाज उरला. लहानपणी आम्ही भावंडं अर्थ उडून जाईपर्यंत 'चमचा, चमचा' म्हणत हसून लोळायचो, आणि थोड्या वेळानं चमचा पुन्हा चमचा व्हायचा. हे नाव मात्र परतेना. आईचा चेहरा आठवायला गेले, तर तोही येईना. मी घाबरले. एकदा गेलेली आई मी माझ्याच तोंडानं पुन्हा घालवली, असं वाटलं.

घर माणसांनी भरलेलं. बायकांनी 'कुर्रर्र' करत माझ्या पाठीत धपाटे घातले. मी वाकून त्या इवल्या कानात तो पोकळ आवाज सोडला. बाळानं जांभई दिली. तिलाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. आम्ही दोघी सारख्याच. मग मी नाव मोठ्यानं सांगितलं, टाळ्या झाल्या, पेढे फिरले. मला काहीच वाटलं नाही आणि त्याचंच रडू येत होतं.

तेवढ्यात बाबा पुढे आले. उभ्या जन्मात त्यांनी आईला 'अगं, ऐकलंस का' यापलीकडे हाक मारली नव्हती. पाळण्याची दोरी धरून त्यांनी ते नाव घेतलं. एकदाच, हळू, अडखळत. मग थांबून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मीही पाहिलं.