आमची बॅटरी संपतच नव्हती

माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला तो आमच्या येलहंक्याच्या भाजीबाजारात, कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालताना. थट्टा नाही करत, खरंच सांगते. हा माणूस कशावरूनही वाद घालायचा. साताऱ्याकडचे हे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बेंगळूरला आले आणि लग्न केलं माझ्याशी. मी पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातली, चहात थोडी नव्हे, कन्नड 'स्वल्प' साखर घालणारी. माझं मराठी ऐकून ते कपाळाला हात लावायचे. आयसीयूत नाकात नळी असतानासुद्धा त्यांनी माझा एक शब्द सुधारला होता. मी रडत होते आणि रडता रडता हसले.

दोन स्टेंट घालून घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची ताकद निम्मी राहिलीय, ती जपून वापरायची. "मग सायकल?" यांचा पहिला प्रश्न. आयुष्यभर कारखान्यात सायकलनं गेले, आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी मित्रांबरोबर देवनहळ्ळीच्या बाजूला जायचे, तिथं इडली-वडा हाणून परत. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर चालवा, चढावर दम लागता कामा नये. बेंगळूरात सपाट रस्ता! दाखवा म्हणावं एक. पण डॉक्टरांपुढं कोण बोलणार.

तोडगा काढला आमच्या लेकीनं. ती सर्जापूर रोडला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "बाबांना इलेक्ट्रिक सायकल घेऊ. चढ आला की मोटर ढकलेल."

"सायकल कुठली, ही तर लबाडी आहे," हे म्हणाले. तरी दुकानात आले. पहिली सायकल मध्ये दांडा नसलेली, पाय सहज टाकता येणारी. ती बायकांची म्हणून नको. दुसरीचे टायर मोटरसायकलसारखे. ती पोरांची म्हणून नको. तिसरीवर त्यांनी चेन, ब्रेक, गिअर सगळं वाकून तपासलं आणि दुकानातल्या माणसाशी मोटर पुढच्या चाकात बरी की मागच्या यावर इतका वेळ वाद घातला, की त्यानं मला बसायला स्टूल आणून दिलं. शेवटी मीच विचारलं, "अण्णा, वाटेत दम लागला तर?" तो म्हणाला, "अम्मा, ही मूठ फिरवायची. पेडल मारायचंच नाही, सायकल आपोआप घरी आणेल." मला तेवढंच ऐकायचं होतं. हीच द्या म्हटलं.

सायकल खाली पार्किंगमध्ये राहायची. बॅटरी काढून वर आणायची आणि माझ्या ओट्यावर, मिक्सरच्या प्लगला लावायची. चार्जिंगचं खातं माझ्याकडे आलं ते असं. बाकी सगळं ते करायचे. टायरमधली हवा दाबून बघायची, चेनवर थेंब थेंब तेल सोडायचं, जादाचं पुसून घ्यायचं. सायकल जड म्हणून ब्रेक लवकर झिजतात, ते बघायचे. दसऱ्यात आयुधपूजेला इथं सगळं गाव आपापल्या गाड्या पाण्यानं न्हाऊ घालतं, पण यांनी पाण्याचा थेंब लागू दिला नाही. ओल्या फडक्यानं पुसली. मी शेवंतीची माळ घातली आणि हळदकुंकू घेऊन पुढं झाले तर ओरडले, "अगं, त्या चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं तर तुझा देव येणार का दुरुस्तीला?"

"तुमचा नाही का तो?" मी म्हटलं. आणि डोळे मिटून त्या देवाला मनातल्या मनात सांगितलं, या माणसाला रोज घरी आणून सोड, मला दुसरं काही नको.

रोज सकाळी ते जायचे, फ्लायओव्हर चढून विमानतळाच्या रस्त्याला लागायचे आणि परत. पहिले काही दिवस चार्जरचा लाल दिवा माझा स्वयंपाक आटपेपर्यंत तसाच असायचा. मग हळूहळू काय झालं कोण जाणे, बॅटरी लावली रे लावली की दिवा हिरवा. मी खूश! शेजारच्या अक्कांना बोलावून दाखवलं. "आमची बॅटरी संपतच नाही हो!" त्यांनी त्यांच्या भावासाठी दुकानाचा पत्तासुद्धा लिहून घेतला. लेकीला फोनवर तेच कौतुक ऐकवलं, तर तिला काही ते पटेना.

"आई, असं होत नसतं. बॅटरी वापरली तर ती संपणारच."

"मग बिघडली असेल."

"बिघडली असती तर लवकर संपली असती. आई, बाबा मोटर लावतच नाहीयेत."

मी फोन ठेवला. साधी सायकल चालवणं वेगळं आणि मोटर बंद ठेवून ही चालवणं वेगळं. मोटर, बॅटरी धरून ती पंचवीस किलोची. ते धूड घेऊन हा माणूस निम्म्या हृदयानं रोज फ्लायओव्हर चढत होता, आणि मी अडाण्यासारखी बॅटरीचं कौतुक करत होते.

ते आल्यावर जे व्हायचं ते झालंच. मी बोलले, ते बोलले, कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत. मी बजावलं, "उद्यापासून आल्यावर मी रेघा बघणार." बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या पाच रेघा असतात. "निदान दोन उतरलेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर सायकल विकली म्हणून समजा."

"सरी," ते म्हणाले. चक्क कन्नडमध्ये 'बरं'! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून रेघा उतरू लागल्या. कधी एक, कधी दोन. फक्त हे घरी उशिरा येऊ लागले. ट्रॅफिक म्हणायचे. असेलही. बेंगळूरात ट्रॅफिकला नाही कोण म्हणेल?

मग एका सकाळी दही संपलं म्हणून मी खाली उतरले. पार्किंगच्या कोपऱ्यात सायकल उलटी ठेवलेली, चाकं वर. मागचं चाक हवेत गरगर फिरतंय, भर उजेडात पुढचा दिवा जळतोय, आणि आमचे साहेब पायरीवर बसून, एका हातानं जमिनीलगतची मूठ पिळत, दुसऱ्या हातात पेपर धरून वाचतायत. मला दाखवायला बॅटरी संपवत होते!

"अय्यो देवा," मी ओरडले. "ही उलटी कोणी केली?"

"मीच."

"पंचवीस किलो उचललंत?"

"नुसतं फिरवलं तर संपत नाही गं लवकर," ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. "भारच नसतो ना चाकावर. तासभर बसलं तर कुठं एक रेघ उतरते."

चोर तो चोर, वर शिरजोर. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं ते थांबेना. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांनी मूठ सोडली. चाक बराच वेळ फिरत राहिलं.

"मोटर लावून चढलो तर कळत नाही, मी चढलो की ती चढली," ते म्हणाले. वाद घालायच्या आवाजात नाही, अगदी साधं. "माझं किती उरलंय ते मला रोज बघायचं असतं. डॉक्टरांचे कागद मला काही सांगत नाहीत. तो चढ सांगतो."

"आणि नाही चढलात तर?"

"तर त्या दिवशी कळेल."

"तुम्हाला कळेल हो. मी इथं ओट्यापाशी उभी असते, मला कोण सांगणार?"

त्यांनी पेपरची घडी घातली. आम्ही दोघांनी मिळून सायकल सुलटी केली. हँडलची बाजू मी धरली. दही आणायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मी सायकल विकली नाही. विकते विकते म्हणत राहिले, पण नाही विकली. त्यांच्यावर आणि स्वतःवरसुद्धा राग यायचा. रोज ते गेले की मी गॅलरीत चार फेऱ्या घालायची, फोन हातात, जीव टांगणीला. जिन्यात पावलं वाजली की धावत ओट्यापाशी, जशी काही मी तिथंच होते. ते बॅटरी ठेवायचे, पाच रेघा, मी तोंड फिरवायची. भांडण मात्र थांबलं नव्हतं. रोज नवं कारण, कधी औषधाच्या गोळ्या, कधी चहा, कधी माझं मराठी. भांडण ऐकू येतंय तोवर सगळं ठीक आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

थंडी सरत आली होती. त्या दिवशी त्यांना खूप उशीर झाला. मी चपात्या लाटत होते. त्यांनी बॅटरी ओट्यावर ठेवली. मी तिचं बटण दाबून बघितलं तर एकच रेघ, तीही लुकलुकत होती.

माझं डोकंच फिरलं. "परत केलीत ना सायकल उलटी? किती वेळ फिरवलंत चाक? लाज नाही वाटत या वयात? मला काय मूर्ख समजता? परवाच म्हणालात ना कंबर दुखतेय, आणि आज पुन्हा..."

"नाही फिरवलं," ते म्हणाले.

मी आणखी बरंच बोलले. लाटणं हातात तसंच. मग लक्षात आलं की समोरून काहीच उत्तर येत नाहीय. वळून पाहिलं. ते जेवणाच्या खुर्चीत बसले होते, बूट न काढता. आमच्या घरात बूट दाराबाहेर राहतात, आणि हा नियम त्यांचाच.

"आज सगळा रस्ता मूठ पिळतच आलो," ते म्हणाले. "पेडल मारवेना."

"फ्लायओव्हरवर?"

"तिथवर पोचलोच नाही. मग उगाच इकडं तिकडं फिरत राहिलो. वर यावंसं वाटेना."

मी गॅस बंद केला. हाताचं पीठ पदराला पुसलं. तोंडात सगळं तयार होतं. ते म्हणणार, ॲसिडिटी असेल. म्हणणार, आधी नाश्ता. म्हणणार, तो डॉक्टर नुसता टेस्टा लिहितो. एकेकाला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

"उठा," मी म्हटलं. "दवाखान्यात जायचं."

"चल," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

"अहो, भांडा ना," मी म्हटलं. मनात नाही, मोठ्यानं म्हटलं. ते नुसते हसले, आणि जिन्यात त्यांनी माझा हात धरला.