अनाहत नाद आणि वालाच्या बिया

बारावीला मी संगीत हा विषय घेतला, कारण संगीतात गणित नसतं अशी माझी समजूत होती. (मात्रा मोजाव्या लागतात हे कळलं, तेव्हा फॉर्म भरून झाला होता.) बाबा चंद्रपूरला लाकडाच्या डेपोत कारकून. ते एवढंच म्हणाले, "घे. पण नापास झाली तर जिवतीले आत्याकडं कापूस वेचाले जायचं."

प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली तेव्हा आमच्या संगीताच्या सरांनी स्वतःचा तानपुरा मला घरी नेऊ दिला. त्यांच्या गुरूंनी दिलेला.

"लेकरासारखा सांभाळजो," ते म्हणाले. "खरी साधना झाली ना, का सुराच्या मागून अजून एक बारीक नाद ऐकू येते. अनाहत नाद. तो ऐकू आला का समजायचं, आपण पोहोचलो."

मी त्या नादाच्या विचारात तरंगतच घरी पोहोचले आणि तानपुऱ्याचा भोपळा दाराच्या चौकटीवर आपटला. मागच्या बाजूनं रुपयाएवढं भोक पडलं. मला रडूच फुटलं.

"सरले सांगू नका, बाबा."

"संध्याकाळी डेपोतून धावड्याचा डिंक आनतो. रडून काऊन राह्यली?"

त्याच दुपारी आत्या आली, आमच्या परसबागेसाठी वालाचं बी घेऊन. तिच्या घरी बी राखेत घोळून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरतात, म्हणजे उंदीर लागत नाही. इथे चांगला मोठा, भोक पाडून तयार ठेवलेला तुंबा चटईवर पडलेला. त्याला दांडी आणि तारा कशाला, असं तिला वाटलं. पण शहरात टांगायची तशी सोय असेल, अशी तिनं समजूत करून घेतली. राखेत घोळलेल्या बियांची पोटली त्यात रिकामी केली, आईला "बी तुंब्यात ठेवलं वो" असं सांगितलं (आई पोळ्या लाटता लाटता "बरं" म्हणाली), आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. नंतर बाबांनी भोकावर कापड ठेवून डिंक फासला.

हे सगळं माझ्यासमोर घडलं. मी दोन्ही वेळा त्याच खोलीत होते. फक्त डोळे मिटून गात होते.

दुसऱ्या दिवशी तानपुरा मांडीवर घेतला, तार छेडली, जराशी डुलले, आणि सुरामागून आली एक हलकी सळसळ. अंगावर काटा आला. अवघ्या अठराव्या वर्षी मी पोहोचले होते! पुढचा महिना मी जमिनीवर नव्हतेच. खिडकीबाहेर पळस फुलला होता, आत मी डुलत होते आणि नाद वाढत होता. तालाचा सराव मी सोडूनच दिला. पोहोचलेल्या माणसाला मात्रा कशाला?

"मलेही ऐकू येऊन राह्यलं," बाबा एकदा भारावून म्हणाले. आम्ही दोघांनीही डोळे पुसले.

परीक्षेला नागपूरहून पांढरंशुभ्र धोतर नेसलेले परीक्षक आले. मी डोळे मिटून षड्ज लावला आणि डुलले.

"थांबा. हे काय वाजतंय?"

"अनाहत नाद आहे, सर," मी नम्रपणे म्हणाले.

"आम्हाला कधी ऐकू आला नाही तो. तानपुरा इकडे करा."

मी तो त्यांच्याकडे झुकवला. डिंक सुटला. आधी राख उडाली, मग धोतरावर वालाचा सडा पडला. आमच्या सरांनी पुढे येऊन भोकात बोट घातलं, ते बाहेर काढून पाहिलं.

"म्या तुले तानपुरा दिला होता," ते हळूच म्हणाले. "कोठी नाई."

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं. परीक्षकांनी धोतर झटकलं, एक बी उचलून दातानं तपासलं, थोड्या बिया रुमालात बांधल्या आणि म्हणाले, "गा आता." मी गायले. जेमतेम पास झाले.

सरांनी तानपुरा स्वतः दुरुस्त केला. मला मात्र पुन्हा कधी हात लावू दिला नाही. उरलेलं बी आईनं परसात लावलं. आत्या अजून सगळ्यांना सांगते, "पोरीचं गानं ऐकलेलं बी होतं ते, म्हनून असा भरून वाल आला."

खरंच आहे. माझं गाणं महिनाभर न उठता ऐकणारे श्रोते मला पुन्हा मिळाले नाहीत. तेही बसले, कारण बाबांनी वरून डिंक लावला होता.