पल्याडच्या दोन ओळी

नाशिकहून शिरपूरच्या एसटीत बसले तेव्हा माझ्याजवळ दोन साड्या आणि एका गाण्याच्या दोन ओळी होत्या. आईला विसर पडत चालला आहे. मला ती ‘बाई’ म्हणते, कधी नर्स समजते. पण लहानपणी आम्हाला थोपटताना म्हणायची, त्या ओळी अजून दिवसातून दहादा म्हणते:

पल्याडन्या पोरी व, पाटवर बसन्यात,
कढीमा मीठ नही, तरी बी हासन्यात.

(पलीकडच्या मुली पाटावर बसल्या, कढीत मीठ नाही, तरी हसल्या.) मग माझ्याकडे बघून विचारते, “पुढे?” मला येत नाही. ती भिंतीकडे तोंड फिरवते. ते मला सहन होईना, म्हणून निघाले.

शिरपूरला मावशी असते, आईची धाकटी बहीण. तिने शेवभाजी वाढली, इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिला वाटलं मी आईसाठी रडतेय. थोडं ते खरंही होतं. गाणं तिने लगेच म्हटलं. दोन ओळी झाल्या आणि गप्प.

“पुढे काय गं?”

“पुढे काहीच नही. तठेच थांबानं.” (तिथेच थांबायचं.)

म्हणजे हिलाही विसर पडतोय की काय! घरातल्या सगळ्यांचंच डोकं एका ठिकाणी अडकतं, आता पुढची पाळी माझी, असं काहीबाही मनात घेऊन मी आईच्या माहेरच्या वाटेला लागले आणि धुळ्यामार्गे चाळीसगाव गाठलं. तिथून पॅसेंजर. गाडीत डोळा लागला आणि उतरायचं ते पाचोरा स्टेशन मागे पडलं. पुढच्या स्टेशनवर उतरून, स्वतःला शिव्या देत उलट आले.

गिरणाकाठच्या आईच्या माहेरी आता आमचं कुणी नाही. एका ओट्यावर तीन म्हाताऱ्या उन्हाला बसल्या होत्या. मी ओळी म्हटल्या, तशा त्याही म्हणू लागल्या आणि अगदी त्याच जागी थांबल्या. मी चक्रावले. अख्खं गाव कसं विसरेल?

“आई आम्हाला निजवताना म्हणायची ही अंगाई,” मी म्हटलं.

त्यातल्या शेवंताआक्का पदर तोंडाला लावून हसल्या. “अंगाई? माय व! हाई ते आखाजीनं भांडन शे!” (हे तर आखाजीचं भांडण आहे!)

मग उलगडा झाला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) या गावच्या मुली नदीच्या या काठावर, समोरच्या गावच्या त्या काठावर. गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढायची. दोन ओळी म्हणायच्या आणि थांबायचं; उत्तर पलीकडून यायचं.

“मग उत्तर काय यायचं?”

“माले माहीत शे. पन मी नही म्हनस. त्यास्नं आपन म्हनं का आपन हारनूत.” (त्यांचं आपण म्हटलं की आपण हरलो.)

मी हात जोडले, आईचं सांगितलं. आक्कांचे डोळे भरले, पण ओठ मिटलेलेच. मला रागही आला आणि हसूही. शेवटी चपला हातात घेऊन वाळूतून नदी ओलांडली.

पलीकडे एक आजी वांगी भाजत होत्या. मी कुठून आले ते ऐकताच त्यांनी कमरेवर हात ठेवले. “पहिले तुमनं म्हन.” मी म्हटलं. त्या उसळल्याच:

पल्याडन्या पोरी व, खाटवर निजन्यात,
भाकर जयी गयी, तरी नही उठन्यात!

(पलीकडच्या मुली खाटेवर झोपल्या, भाकर जळून गेली, तरी उठल्या नाहीत.) मग मला भरीत-भाकरी खाऊ घालूनच सोडलं.

परतीच्या वाटेवर एकच बोचत होतं. आई गाणं विसरली, असं मी धरून चालले होते. ती तर उत्तराची वाट बघत होती, आणि समोर मी मुकी बसून होते.

घरी आले तेव्हा आई दोन ओळी म्हणून “पुढे?” विचारतच होती. मी दबकत उत्तर म्हटलं. ती ताडकन उठून बसली. माझ्याकडे बोट रोखून म्हणाली:

भाकर जयी ते जयी, तुमना दारले नही उनूत!

(जळली तर जळली, तुमच्या दारी नाही आलो!) ही ओळ मी जन्मात ऐकली नव्हती.

“तू पल्याडनी शे का व?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“मंग जोरमा म्हन ना. नदी मोठी शे.”